आषाढातली दोरी : गुहागरकडच्या एका घरातल्या ओल्या कपड्यांचं प्रकरण

सकाळी साडेसहाला नातवाची शाळेची चड्डी दोरीवरून खाली येते. आजी ती गालाला लावून बघते आणि म्हणते, "अगो, कमरेत पाणी आहे हिच्या." मग इस्त्री तापते, चड्डी तिच्याखाली चर्र करते, वाफ निघते. पोर ती गरम-दमट चड्डी चढवून शाळेला निघतं. जुलैत सलग नऊ दिवस हे असंच चाललं. दहाव्या दिवशी बोलाचाली झालीच. सून म्हणाली, "आई, तुमचं लुगडं एकटं अर्धी दोरी अडवतं." आजीचं उत्तर तयारच होतं : "आणि तुमचे ते जाडे टॉवेल? आठ-आठ दिवस लोंबतात, ते नाही दिसत?"

म्हणजे भांडण दोरीवरच्या जागेचं. त्यावर घरातल्या कर्त्याने काढलेला उपायही जागेचाच होता. बाजारातून नायलॉनची आणखी वीस मीटर दोरी आली, मधल्या खोलीत चार ओळींच्या आठ ओळी झाल्या. पुढच्या चार दिवसांत वास दुप्पट झाला, आजोबांच्या चामड्याच्या वहाणांवर पांढरी भुकटी धरली आणि कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके उठले. दोरी वाढली आणि वाळणं घटलं. असं का, त्याचा हा हिशोब.

घर, माणसं, पाऊस

घर गुहागर तालुक्यात, किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर, माडांच्या आत. जुना भाग चिऱ्याचा, वर मंगलोरी कौलं : पुढे पश्चिमेला पडवी, मग ओटी, माजघर, आणि मागच्या पडवीच्या कडेला न्हाणी व न्हाणीची चूल. दहाएक वर्षांपूर्वी उत्तरेला स्लॅबच्या दोन खोल्या वाढवल्या, त्यांना सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या. माणसं सहा : आजी-आजोबा, मुलगा, सून, आठवीतली नात, तिसरीतला नातू. मुलगा रोज दुचाकीवरून शृंगारतळीला कामाला जातो आणि भिजूनच येतो. सून गावातच अंगणवाडीत.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्यातही कपड्यांना खरा त्रास मुसळधार पावसाचा नाही. मुसळधार पडून गेला की तासभर उघडीप मिळते, वारा सुटतो. त्रास होतो तो संततधारेचा, झिमझिमीचा. बाहेर २६-२७ अंश, हवेची आर्द्रता ८५ ते ९५ टक्के, आणि दिवसरात्र पागोळ्या गळताहेत.

पूर्वी कपडे कुठे वाळत? न्हाणीच्या चुलीवर आढ्याला टांगलेल्या बांबूच्या दांडीवर. काठीच्या टोकाने वर चढवायचे, काठीनेच उतरवायचे. सोवळ्याचं वस्त्रही तिथेच. सुनेने ही दांडी दोन वर्षांपूर्वी सोडली, कारण कपड्यांना धुराचा वास लागतो आणि तो वास घेऊन अंगणवाडीत जायला नको वाटतं. तक्रार खरी होती. धुणं तेव्हापासून स्लॅबच्या मधल्या खोलीत आलं : रात्री नऊला धुवायचं, दोरीवर टाकायचं, डासांपायी खिडक्या लावायच्या, छताचा पंखा पाचावर सोडायचा आणि झोपायचं. पावसाची झड आत येते म्हणून वरच्या झरोक्याला पुठ्ठा ठोकलेला होता.

काट्यावर काय दिसलं

एक दिवसाचं सगळं धुणं आधी कोरडं तोललं, मग हाताने पिळून तोललं. साधा वजनकाटा पुरतो.

कोरडं वजन साडेसहा किलो. कपड्यांची संख्या चौतीस, कारण पावसात सगळेच दिवसातून दोनदा कपडे बदलतात. पिळून झाल्यावर वजन बारा किलो. म्हणजे रोज साडेपाच लिटर पाणी कपड्यांतून त्या खोलीत टांगलं जात होतं. मधल्या आकाराची एक कळशी भरेल इतकं.

आता खोली. दहा बाय बारा, उंची दहा फूट : सुमारे ३४ घनमीटर हवा. सत्तावीस अंशाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २६ ग्रॅमच्या आसपास बाष्प धरू शकते. आर्द्रता ८८ टक्के असेल तर त्यातलं २३ ग्रॅमच्या जवळपास आधीच भरलेलं असतं. शिल्लक राहतात तीन ग्रॅम. तीन गुणिले चौतीस, म्हणजे शंभर ग्रॅम. खिडक्या बंद असतील तर ती अख्खी खोली आमटीच्या एका वाटीएवढं पाणी पिऊ शकते. तिच्यापुढे आपण कळशी ठेवली होती.

पंख्याने काय होतं? पंखा हवा फिरवतो, बाहेर घालवत नाही. पहिला अर्धा तास कपड्याभोवतीची ओलसर हवा बाजूला होते, वाटी भरते आणि पुढचे साडेसात तास तीच भरलेली हवा गोल गोल फिरते. ७५ वॉटचा पंखा आठ तास म्हणजे ०.६ युनिट वीज. उरलेलं पाणी भिंतीत, गादीत, वह्यांत आणि वहाणांत जातं. कपाट भिंतीला चिकटून उभं होतं. त्याच्या मागे हवा जराही हलत नाही, म्हणून बुरशीची सुरुवात तिथूनच. आठ ओळी केल्यावर कपडे एकमेकांना टेकले, मधून वारा जायला फट उरली नाही. दोरी वाढवून बिघाड झाला तो असा.

काट्याने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि त्या बाबतीत आजीचं म्हणणं बरोबर निघालं. लुगडं सुती, विरविरीत. वजन मोठं पण कापड एकेरी, पसरलं की सुटसुटीत वाळतं. चार जाडे टॉवेल मात्र कोरडेच १४०० ग्रॅम आणि पिळल्यावरही त्यांत दीड लिटरहून जास्त पाणी. एकूण पाण्याच्या पाव भागापेक्षा जास्त वाटा चार टॉवेलांचा! टॉवेलाच्या उभ्या धाग्यांची फासं पाणी शोषण्यासाठीच केलेली असतात. ती पाणी सहजी सोडत नाहीत. पंच्याचं वजन सव्वाशे ग्रॅमच्या आत. आजोबा जन्मभर पंचा वापरतात, तो सकाळी दांडीवर टाकला की दुपारी वाळलेला असतो, आणि याचं घरात कुणाला कधी कौतुक वाटलं नव्हतं.

ड्रायर, जो बंद होता

मागच्या पडवीत दोन पिंपांचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन होतं. धुण्याचं पिंप रोज चाले, शेजारचं ड्रायरचं पिंप गेलं वर्षभर बंद. कारण विचारलं तर "फार हलतं, धडधडतं, एकदा तर चालत चालत भिंतीला जाऊन लागलं." ड्रायर हे नाव फसवं आहे. त्यात उष्णता नसते. पिंप मिनिटाला तेराशे-चौदाशे फेऱ्या घेतं आणि पाणी भोकांतून फेकलं जातं. पण ओल्या हंगामात घरातलं सर्वांत उपयोगी यंत्र तेच. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६७ युनिट उष्णता लागते, ती आपण हवेकडून, चुलीकडून किंवा इस्त्रीकडून घेतो. तेच पाणी फिरवून फेकायला लागणारी वीज नगण्य : पाच मिनिटांच्या एका फेरीला अर्धा तास पंख्याइतकीही नाही. सातशे फेऱ्यांच्या साध्या फुल्ली ऑटोमॅटिकपेक्षा या जुन्या दोन पिंपांच्या मशीनचे कपडे जास्त कोरडे निघतात, हे अनेकांना पटत नाही. काट्यावर ठेवून पाहावं.

धडधडीची कारणं तीन निघाली. पडवीची लादी उताराची, त्यामुळे मशीनचा एक पाय अर्धा इंच अधांतरी. त्याखाली जुन्या टायरचा तुकडा कापून सरकवला. लाकडी पाचर चालली नसती. ती पाण्याने फुगते आणि थरथरीने निसटते. दुसरं, पाणी जाणारी नळी मोरीच्या सहा इंची कठड्यावरून पलीकडे टाकलेली. या मशीनचं पाणी आपल्या उतारानेच खाली जातं. नळी वर चढली की पाणी तळाशी साचतं, पिंप त्या पाण्यात फिरायला बघतं, मोटर घुरघुरते आणि तापते. कठड्याला तळाशी भोक पाडून नळी जमिनीलगत काढली. तिसरं कारण भरण्याची पद्धत. एका बाजूला ओली जीन्स आणि दुसऱ्या बाजूला दोन बनियन अशी भरती असेल तर कोणतंही पिंप नाचणार.

भरायचं असं. जड कपडा आधी, तळाशी, कडेने गोल फिरवून. त्यावर हलके, चहूकडे सारखे, तळव्याने दाबून. पिंप तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नये. वर प्लॅस्टिकची जाळीदार चकती आडवी दाबून बसवायची. ही चकती हरवलेली असते किंवा लहान मुलांच्या खेळात गेलेली असते, आणि तिच्याविना रुमाल-मोजे उडून पिंपाबाहेर पडतात, खाली अडकतात. घड्याळ पाच मिनिटांवर. दोन मिनिटांत थांबवण्याची सवय अनेकांना असते, ती सोडावी. सुरुवातीची धडधड दहा-पंधरा सेकंदांत थांबली नाही तर झाकण उघडून पुन्हा रचायचं. झाकण उघडलं की ब्रेक लागतो; लागत नसेल तर हात घालू नये, ब्रेकची तार तुटलेली किंवा गंजलेली असते. खाऱ्या हवेत ती हमखास गंजते.

ओल्या पडवीत विजेचं यंत्र आहे, म्हणून तीन पिनांचा प्लग, चालू अर्थिंग आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा गळती-तोडक स्विच या तीन गोष्टी नसतील तर आधी त्या कराव्यात, कपडे नंतर. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा ड्रायर नुसता गुणगुणतो, फिरत नाही. लगेच बंद करावा.

परिणाम : बारा किलोचं धुणं साडेनऊवर आलं. साडेपाच लिटरचे तीन लिटर. आणि चार टॉवेल ट्रंकेत ठेवून त्यांच्या जागी सुती पंचे आल्यावर तीनचे अडीच. नातीने दोन दिवस नाक मुरडलं, केस पुसायला दोन पंचे लागतात म्हणून. मग तिला कळलं की दुसरा पंचा दरवेळी कोरडा असतो.

पडवी, ताडपत्री आणि मीठ

मधल्या खोलीला पर्याय म्हणून पुढची पडवी सुचते, आणि या घरानेही ती आधी करून पाहिली होती. आगोटीलाच, म्हणजे पावसाच्या तोंडावर, पडवीला निळी ताडपत्री बांधली, आत दोन ओळी. पाऊस आत आला नाही, वाराही नाही. पूर्वी पडवीला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधत. झापाच्या विणीतून वारा गाळून आत येतो, झडीचे थेंब बाहेर राहतात. ताडपत्री दोन्ही अडवते. आता झाप विणायला माणूस मिळत नाही, तर हिरवी शेडनेट दुहेरी करून बांधली तरी बरंचसं काम होतं. मात्र खालच्या बाजूला वीतभर मोकळी सोडायची.

पडवीतल्या कपड्यांची आणखी एक तक्रार होती, जी कोणालाच उलगडत नव्हती. कपडा वाळला असं वाटून आत न्यावा, आणि संध्याकाळी पुन्हा चिकट लागावा. पाणी तर कुठूनच आलेलं नाही. हे काम मिठाचं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, फुटणाऱ्या लाटांचे बारीक तुषार नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आत येतात आणि पश्चिमेच्या पडवीत कपड्यांवर मिठाचा अदृश्य थर बसतो. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. मिठाच्या बरणीत पावसाळ्यात पाणी सुटतं ते याच कारणाने. कपड्यात मीठ असेल तर आषाढात तो कपडा पूर्ण कोरडा होऊच शकत नाही, कितीही तास टांगा. घामाचं मीठ नीट खळबळून गेलं नाही तरी तेच. म्हणून किनाऱ्यालगतच्या घरात वाळवण पूर्वेच्या बाजूला, घराच्या आडोशाला. इथे मागच्या पडवीत.

साबणाचंही असंच. विहिरीला पावसाळ्यात गोडं, मऊ पाणी असतं. उन्हाळ्यातलीच पावडर टाकली तर फेस मावत नाही आणि एका पाण्यात निघत नाही. राहिलेली पावडर कपडा ओशट ठेवते आणि ओल धरते. या घराने पावडर निम्मी केली आणि एक पाणी वाढवलं. खर्चही वाचला, हे आजोबांनी आवर्जून सांगितलं.

नवी मांडणी

धुण्याची वेळ रात्रीवरून सकाळी साडेसातला आणली. दिवसा खिडक्या उघड्या ठेवता येतात आणि हवा रात्रीपेक्षा दोन-तीन अंश उबदार असते. मात्र भिजलेले कपडे बादलीत रात्रभर पडू द्यायचे नाहीत. दुचाकीवरून भिजून आलेले कपडे धुवायचे नसले तरी लगेच पिळून दोरीवर टाकायचे, ढिगात नाही.

मधली खोली पूर्ण सोडली नाही. झरोक्याचा पुठ्ठा काढून बाहेरून पत्र्याची छोटी पडळ लावली. झड थांबली, हवा सुरू झाली. समोरासमोरच्या दोन खिडक्या जाळीसकट वीतभर उघड्या. छताच्या पंख्याऐवजी उभा पंखा दोरीच्या एका टोकाला, वारा ओळींच्या मधून जाऊन खिडकीबाहेर पडेल असा. कपडे वाळतात ते हवा बाहेर गेल्यामुळे. म्हणून पंख्याचं तोंड खिडकीकडे, कपडे मध्ये. वीज गेली तरी, आणि ती जातेच, दोन खिडक्यांमधला वारा काम चालू ठेवतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं.

आठ ओळींच्या परत चार झाल्या. दोन ओळींत वीतभर अंतर, दोन कपड्यांत चार बोटं. सदरे हँगरवर, गुंड्या उघड्या. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, कमरेकडून दोन चिमट्यांनी उघडी टांगायची म्हणजे कमरेच्या पट्टीच्या आत वारा शिरतो. नातवाच्या चड्डीचंही तेच, कारण तिथे कापडाचे चार-पाच थर आणि रबर असतं. लुगडं चौपदरी न घालता दोन दोरींवर मांडवासारखं. गंजणारी तार वापरू नये. तारेचा डाग लिंबाच्या रसाने जातो, पण ब्लीच टाकलं की कायमचा बसतो. काथ्याची दोरीही नको, तीच ओल धरते.

आता चुलीवरची दांडी. आजीची पद्धत बरोबर का होती ते याच आकड्यांनी कळतं. तीच ८८ टक्क्यांची हवा सत्तावीसवरून तेहेतीस अंशांपर्यंत तापवली तर दर घनमीटरमागे तीनऐवजी तेरा ग्रॅम पाण्याला जागा होते, चौपटीहून जास्त. शिवाय तापलेली हवा वर चढते आणि मंगलोरी कौलांच्या सांध्यांतून बाहेर पडते. जागेवर ताजी हवा खालून येते. जुन्या घरात ही व्यवस्था कोणी मुद्दाम आखली नव्हती, पण ती होती. स्लॅबच्या खोलीत तिला वाट नाही.

सुनेचा धूरही खरा होता. फक्त तो सगळा वेळ नसतो. जळण पेटेपर्यंत, पहिली दहा-पंधरा मिनिटं, धूर होतो. त्यातही सरपण ओलं असेल तर जास्त. ज्वाळा स्थिर झाल्यावर आणि निखारे पडल्यावर जवळजवळ नाही. म्हणून ठरलं : सकाळ-संध्याकाळ आंघोळीचं पाणी तापून हंडा उतरला की मगच कपडे दांडीवर. चुडतं (माडाच्या वाळक्या झावळ्या) आणि सोडणं (नारळाची सालं) भरभर जळतात, निखारा टिकत नाही; शेवटी चार करवंट्या टाकल्या तर ऊब तासभर पुरते. दांडी चुलीपासून निदान सहा फूट वर, आणि चुलीच्या बरोबर डोक्यावर नाही, हातभर बाजूला. फक्त सुती कपडे. पॉलिस्टर ठिणगीने वितळतं. काठीने चढवायचे असल्याने कपडा चुलीत पडण्याची भीती असते, तेव्हा दोन्ही टोकं सारखी खाली सोडायची. एक सावधगिरी : ही ऊब उघड्या मागच्या पडवीतली आहे. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर टोपली उपडी घालून लंगोट वाळवण्याची चाल जुनी आहे, पण दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत निखारे ठेवणं जिवावर बेततं. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो.

दांडीवर जागा कोणाची, यावर खरा उलटफेर झाला. आजवर घरातली सर्वांत चांगली जागा गणवेशाला मिळे, कारण सकाळी त्याचीच निकड. गणवेश पॉलिस्टर-मिश्र कापडाचा. ते पाणी कमी धरतं आणि ड्रायरमधून निघाल्यावर पंख्यापुढे तीन-चार तासांत वाळतं. त्याला चुलीची गरजच नव्हती. सर्वांत वाईट जागा होती आतल्या कपड्यांची. बायकांचे आतले कपडे लोकलाजेस्तव लुगड्याच्या किंवा टॉवेलाच्या खाली लपवून वाळत घातले जात, म्हणजे कधी वाळतच नसत, आणि तसेच अंगावर चढत. पावसाळ्यात जांघेत, कमरेला गजकर्ण उठतं त्याला हे मोठं कारण. एकमेकांचे ओले टॉवेल वापरणं हे दुसरं. आता आतले कपडे आणि जीन्स दांडीवर, तेही मागच्या पडवीत, जिथे परका माणूस येत नाही. दोरी आडवी घालून पुढे जुनी साडी पडद्यासारखी सोडली आहे, कपड्यांना न टेकणारी.

वास

ओल्या कपड्याचा आंबूस वास बुरशीचा असतो असा समज आहे. बहुतेक वेळा तो जिवाणूंचा असतो. मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा एक जिवाणू त्यात मुख्य. तो माणसाच्या कातडीवरून कपड्यात येतो, सावकाश वाळणाऱ्या कापडात वाढतो, आणि कपडा वाळला तरी चिवटपणे जिवंत राहतो. म्हणूनच कोरडा वाटणारा पंचा तोंड पुसताना ओला झाला की पुन्हा वास मारतो. अत्तर, कापराच्या वड्या, सुगंधी पातळ साबण यांनी वास झाकला जातो इतकंच. कपाटातल्या कापराने कसर दूर राहते, ओल नाही; पण ओलही जाते ही लोकांची समजूत घालवणं अवघड.

उपाय उष्णतेचा. आठवड्यातून एकदा सुती पंचे, बनियन, आतले कपडे न्हाणीच्या हंड्यातल्या कढत पाण्यात, साठ अंशांच्या वर, अर्धा तास बुडवून ठेवायचे, पाणी निवू लागलं की पुन्हा कढत घालायचं, मग नेहमीसारखे धुवायचे. हात घालवत नाही इतकं गरम हे साधं माप. रबराच्या पट्ट्या आणि कच्चे रंग यात खराब होतात, ते वेगळे काढावेत. पहिल्या कढत धुण्यातच पंच्यांचा वास गेला. टॉवेलांना तीनदा करावं लागलं आणि तरी एकाचा राहिला; तो पायपुसण्यात गेला.

वाळलं की नाही हे तळव्याला नीट कळत नाही, गालाला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला कळतं. आजीची सवय अगदी बरोबर. इस्त्री केल्यावर कपडा लगेच घडी करू नये, अर्धा तास उघडा टांगावा. गरम घडीत वाफ कोंडते आणि कपाटातल्या कोरड्या कपड्यांनाही ओल लागते.

काय सुटलं, काय राहिलं

तीन आठवड्यांत गणवेश रात्रीपर्यंत वाळून घडीत जाऊ लागला. सकाळची चर्र करणारी इस्त्री थांबली. आजोबांच्या वहाणा खोबरेल पुसून मागच्या पडवीत आल्या. भिंतीचे ठिपके पुसले, पण नवा रंग ऑक्टोबरची हीट येईपर्यंत लावायचा नाही असं ठरलं. ओल्या भिंतीवर लावलेला रंग पापुद्रा होऊन येतो. कॅनव्हासचे बूट काही जमले नाहीत. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दर दोन तासांनी बदलले तर दीड दिवस लागतो, आणि तेवढा धीर घरात कोणालाच नाही. शाळेने रबरी सँडल चालवून घेतले. गोधड्या पावसाळ्यात धुवायच्याच नाहीत, त्यांना दुसरा इलाज नाही.

उघडिपीचं मात्र वेगळंच. ढग फाटून ऊन पडलं की वाडीतल्या सगळ्या घरांतून बायका एकदम बाहेर येतात, कुंपणावर, पेरूच्या फांदीवर, गडग्यावर कपडे पसरतात, आणि अर्ध्या तासाने कोणीतरी "आला गो आला!" ओरडलं की सगळं पुन्हा आत. या धावपळीत वाळणं किती होतं याचा हिशोब ठेवला नाही. दांडीवरून उतरलेला कोमट पंचा आंघोळीनंतर पाठीवर घेण्यासाठी नातू आणि आजोबा यांच्यात आता रोज चढाओढ असते.

गणपतीत व्यवस्था मोडली. मुंबईहून आठ चाकरमानी आले, सहाची चौदा माणसं झाली, आणि दिवसाला चादरी धरून तेरा किलोवर कोरडं वजन गेलं. पाच दिवस दांडी आजीने सोवळ्यासाठी अडवून ठेवली. शाळेला सुट्टी असल्याने गणवेशाची ओळ मोकळी होती, ती पाहुण्यांना दिली. ड्रायर दिवसातून सहा वेळा फिरला आणि दोनदा गरम होऊन थांबला; अर्धा तास विसावा दिल्यावर चालला. चादरी ओटीवर आडव्या दोऱ्यांवर मांडल्या, त्याखालून आरतीला वाकून जावं लागे. पोरांच्या पाच जीन्स मात्र गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीही कमरेत ओल्या होत्या. सुनेने सांगितलं, ठेवून जा, मागाहून पाठवते. ऐकलं नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून नेल्या, आणि रात्री पनवेल यायच्या आत एसटीत खिडकी उघडायची वेळ आली असा फोन आला.